टेनिसची मॅच किती वेळ चालणार, याचा अंदाज आधी बांधता येतो का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेक तेरा वर्षांची आहे, चार वर्षं टेनिस खेळते आहे. गेल्या महिन्यात तिला घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेले होते. ठरलेल्या कोर्टावर तिचा तिसरा सामना होता. वेळ लिहिलेली नव्हती, नुसतं 'आधीचा सामना संपल्यावर'. पहिला सामना साडेआठला सुरू होणार होता, म्हणून मी एकेक तास धरला आणि साडेदहाच्या सुमारास हिचा नंबर लागेल असं ठरवून सातलाच तिला पोहे खाऊ घातले.

पहिला सामना पन्नास मिनिटांत आटोपला. आता लवकरच बोलावतील म्हणून ती नुसत्या केळ्यावर, बुटांच्या नाड्या बांधून बसून राहिली. आणि दुसरा सामना सव्वातीन तास चालला! पाऊण वाजता ती कोर्टावर गेली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पोटात काही नव्हतं. दुसऱ्या सेटमध्ये पोटरीत गोळा आला. हरली. हरल्याचं काही नाही, पण तिची तयारी वाया गेली ती माझ्या चुकलेल्या हिशेबामुळे, हे मनातून जात नाही.

दोन्ही सामने तीनपैकी दोन सेटचे, दोन्ही एकाच वयोगटाचे. मग एक पन्नास मिनिटांत आणि दुसरा सव्वातीन तास, असं कसं? ज्यांनी हा खेळ वर्षानुवर्षं पाहिला-खेळला आहे, ते अंदाज कसा बांधतात? घरी माझे वडीलही हेच विचारतात. जून २०२५ मध्ये फ्रेंच ओपनची फायनल संध्याकाळी साडेसहाला लावून बसले होते, नऊपर्यंत जेवायला येतो म्हणाले. मॅच संपली तेव्हा बारा वाजून गेले होते.

---

बेसलाइन

ताई, आधी तुमच्या मुलीला शाबासकी. पोटात काही नसताना, पोटरीत गोळा आलेला असतानाही तिनं सामना पूर्ण केला, ही लहान गोष्ट नाही.

आता हिशेब. मी गेमवर किंवा सेटवर जात नाही (काही पॉइंट मिळून एक गेम, काही गेम मिळून एक सेट). मी दोनच गोष्टी पाहतो: एकूण किती पॉइंट खेळले जाणार, आणि एका पॉइंटमागे सरासरी किती सेकंद जाणार. पॉइंटमागचे सेकंद म्हणजे नुसती रॅली, म्हणजे चेंडूची फटकेबाजी, नव्हे. चेंडू उचलणं, घाम पुसणं, सर्व्हिसच्या आधी चेंडू आपटणं, बाजू बदलताना खुर्चीत बसणं, सगळं त्यात धरायचं. ह्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे सामन्याची लांबी.

काही गाजलेले सामने ह्या मापानं मोजून पाहिले.

विम्बल्डन २०१०, जॉन इस्नर विरुद्ध निकोलस माहू. ११ तास ५ मिनिटं, ९८० पॉइंट. भागाकार केला की पॉइंटमागे साधारण ४१ सेकंद येतात.

विम्बल्डन २०१९ची फायनल, जोकोविच-फेडरर. ४ तास ५७ मिनिटं, ४२२ पॉइंट. ४२ सेकंद.

फ्रेंच ओपन २०२५ची फायनल, अल्काराझ-सिनर, म्हणजे तुमच्या वडिलांचं जेवण लांबवणारी. ५ तास २९ मिनिटं, ३८५ पॉइंट. ५१ सेकंद.

ऑस्ट्रेलियन ओपन २०१२ची फायनल, जोकोविच-नदाल. ५ तास ५३ मिनिटं, ३६९ पॉइंट. ५७ सेकंद!

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. जोकोविच-नदालनी अल्काराझ-सिनरपेक्षा सोळा पॉइंट कमी खेळले, तरी चोवीस मिनिटं जास्त लागली. आणि इस्नर-माहू सामना जगातला सगळ्यात लांब असूनही त्याची चाल चौघांत सगळ्यात जलद होती. तो लांबला तो पॉइंटांच्या संख्येमुळे. नदाल-जोकोविचची फायनल लांबली ती एकेका पॉइंटला लागलेल्या वेळामुळे. लांबलेल्या सामन्यांच्या ह्या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्या ओळखता आल्या की अंदाज बराच जमतो.

साधा अंदाज हवा असेल तर असा: सेटमध्ये साधारण दहा गेम, गेममध्ये साधारण सहा पॉइंट, म्हणजे साठ पॉइंट. पॉइंटमागे चाळीस सेकंद धरले तर सेटला चाळीस मिनिटं. दोन सेटचा सामना एक तास वीस मिनिटं, तिसरा सेट झाला तर दोन तास. पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांत, पाचपैकी तीन सेट असतात. तिथे सरळ तीन सेटला दोन तास, पाचही सेट झाले तर तीन तास वीस मिनिटं. मातीच्या कोर्टावर सेटमागे आणखी दहा मिनिटं वाढवायची.

---

जिमखाना_सत्तर

बेसलाइन यांचा हिशेब मला पटला. मी त्याला जुन्या काळाची जोड देतो.

आमच्या लहानपणी टायब्रेकर, म्हणजे बरोबरी झाल्यावर एकाच जादा गेमवर सेटचा निकाल लावायची सोय, नव्हताच. सेटमध्ये गेम सहा-सहा झाल्या की पुढे खेळत राहायचं, कुणीतरी दोन गेमनं पुढे जाईपर्यंत. डिसेंबर १९६६ मध्ये कलकत्त्याला डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांच्या स्पर्धेत, भारत-ब्राझील लढत २-२ अशी अडली होती आणि शेवटच्या सामन्यात रामनाथन कृष्णन थॉमस कॉकशी खेळत होते. वडील रेडिओला कान लावून बसले होते आणि आम्हा पोरांना श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायची परवानगी नव्हती. पहिला सेट ३-६ गेला, दुसरा ६-४ घेतला, तिसरा १०-१२ गेला. चौथ्यात कृष्णन २-५ मागे. तिथून त्यांनी तो सेट ७-५ घेतला आणि पाचवा ६-२. भारत पहिल्यांदा डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत गेला तो असा.

मला आजही वाटतं, टेनिसचं सगळं मर्म त्या २-५ मध्ये आहे. फुटबॉलमध्ये किंवा हॉकीत कॉकला फक्त वेळ काढायचा होता. टेनिसमध्ये वेळ काढून जिंकता येत नाही, शेवटचा पॉइंट घ्यावाच लागतो. घड्याळ नाही म्हणून मागे पडलेल्याला अखेरपर्यंत वाव राहतो, आणि घड्याळ नाही म्हणूनच सामना किती वेळ चालेल ते सांगता येत नाही. ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

टायब्रेकर आणायला ज्या सामन्यांमुळे जोर आला, त्यात १९६९ चा विम्बल्डनचा गोन्झालेझ-पासारेल सामना नेहमी सांगतात. पांचो गोन्झालेझ तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे. २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९. एकशे बारा गेम, दोन दिवसांत मिळून पाच तास बारा मिनिटं. अमेरिकेतले जिमी व्हॅन अ‍ॅलन बरीच वर्षं टायब्रेकरचा आग्रह धरून होते. १९७० मध्ये अमेरिकन ओपननं तो घेतला, १९७१ मध्ये विम्बल्डननं. विम्बल्डनला सुरुवातीला तो आठ-आठ झाल्यावर असायचा आणि निर्णायक सेटमध्ये नसायचाच. १९७९ पासून सहा-सहावर आला.

---

आकडेमोड

काका, २-५ वरून परतण्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

इस्नर-माहूच्या शेवटच्या सेटमध्ये ७०-६८ पर्यंत गाडी कशी गेली, ते गणितानं नीट समजतं. समजा सर्व्हिस करणारा प्रत्येक पॉइंट ६० टक्के वेळा जिंकतो. मग तो आपली गेम सुमारे ७४ टक्के वेळा राखतो. पॉइंटचं प्रमाण ७० टक्के झालं की गेम राखण्याचं प्रमाण एकदम ९० टक्के होतं. ८० टक्के झालं तर जवळजवळ ९८. पॉइंटमधला थोडा फरक गेमच्या पातळीवर फार मोठा होतो.

आता टायब्रेकर नसलेला शेवटचा सेट घ्या. बरोबरी झाल्यावर दोघंही सारख्याच ताकदीचे आणि दोघंही ७४ टक्के गेम राखणारे असतील, तर सरासरी आणखी पाच गेममध्ये निकाल लागतो. दोघं ९० टक्के राखणारे असतील तर अकरा गेम. ९७ टक्के असतील तर चौतीस. आणि ही झाली सरासरी. त्यापुढे कितीही जाऊ शकतं. इस्नरनं त्या सामन्यात ११३ आणि माहूनं १०३ बिनतोड सर्व्हिस मारल्या. ओळीनं १६८ गेममध्ये कुणाची सर्व्हिस मोडली नाही, म्हणजे सर्व्हिस करणारा गेम हरला नाही.

म्हणजे दोघंही उत्तम सर्व्हिस करणारे असले की एकेक गेम झटपट उरकते पण सेट संपत नाही. दोघंही सर्व्हिस परतवण्यात पटाईत असले की गेम लांबतात, ड्यूसवर ड्यूस (४०-४० अशी बरोबरी) होतात. (ड्यूस झाल्यावर बरोबरीच्या खेळाडूंना ती गेम संपवायला सरासरी आणखी चार पॉइंट लागतात. एका गेममध्ये पाच-सहा ड्यूस झाले की तीच गेम दहा मिनिटं खाते.)

ताई, म्हणून नुसत्या स्कोअरवरून फसू नका. ६-२, ६-२ असा सामनाही दीड तास चालू शकतो.

---

टेम्सकाठ

मी बारा वर्षं लंडनला आहे. पहिल्यांदा विम्बल्डनला गेलो तेव्हा रांगेत पाच तास उभं राहून आत शिरल्यावर सगळ्यात आधी अठरा नंबरचं कोर्ट शोधलं. तिथे इस्नर-माहू सामन्याची आठवण सांगणारी पाटी भिंतीवर लावली आहे. कोर्ट इतकं छोटं आहे की विश्वास बसत नाही. मंगळवार २२ जून २०१० ला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुरू झालेला सामना अंधारामुळे थांबला, बुधवारी ५९-५९ वर पुन्हा अंधारामुळे थांबला आणि गुरुवारी दुपारी संपला. बुधवारी ४७-४७ ला कोर्टावरचा धावफलकच बंद पडला, कारण त्याच्यापुढे मोजायची सोयच केलेली नव्हती. पंच मोहम्मद लाहयानी मात्र खुर्चीतून आवाजात तसूभर फरक न करता स्कोअर सांगत राहिले. एकटा पाचवा सेट ८ तास ११ मिनिटं चालला.

मला ह्या सामन्याबद्दल आदर आहे, पण पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. इस्नर दुसऱ्याच दिवशी पुढच्या फेरीत थिएमो डी बाकरशी ०-६, ३-६, २-६ असा सव्वा तासात हरला. जिंकलेल्या माणसाच्या अंगात काही उरलंच नव्हतं. पुढच्या वर्षी योगायोगानं पहिल्याच फेरीत पुन्हा हीच जोडी समोरासमोर आली आणि इस्नरनं तीन सेटमध्ये काम संपवलं. माणसं तीच, गवत तेच!

लांबलेल्या सामन्याची किंमत फक्त ते दोघंच मोजत नाहीत. २०१८ च्या उपांत्य फेरीत केव्हिन अँडरसन आणि पुन्हा इस्नर. ६ तास ३६ मिनिटं, शेवटचा सेट २६-२४. त्यांच्यानंतर त्याच कोर्टावर नदाल-जोकोविच खेळायचे होते. त्यांचा सामना रात्री आठनंतर सुरू झाला, अकराला विम्बल्डनमध्ये खेळ बंद करावाच लागतो, म्हणून तो अर्धा ठेवून दुसऱ्या दिवशी पुरा केला. आणि अँडरसन फायनलमध्ये थकलेल्या पायांनी उतरून सरळ सेटमध्ये हरला. त्याच वर्षी विम्बल्डननं ठरवलं की २०१९ पासून निर्णायक सेटमध्ये बारा-बारा झालं की टायब्रेकर. लगेच पहिल्याच वर्षी फायनलमध्ये तो खेळावा लागला. फेडरर ८-७, ४०-१५ वर होता, दोन चॅम्पियनशिप पॉइंट (यातला एक घेतला की किताब) हातात, आणि तो सामना जोकोविचनं १३-१२ असा नेला.

२०२२ पासून चारही ग्रँड स्लॅमचा नियम एक झाला: निर्णायक सेटमध्ये सहा-सहा झालं की दहा पॉइंटांचा टायब्रेकर. ७०-६८ आता पुन्हा होणार नाही.

---

बेसलाइन

टेम्सकाठ, तुमच्या प्रतिसादानं एक गोष्ट लक्षात आली. इस्नर-माहू सामन्यात जास्त पॉइंट माहूनं जिंकले, ५०२ विरुद्ध ४७८. २०१९ च्या फायनलमध्ये जास्त पॉइंट फेडररचे, २१८ विरुद्ध २०४. २०२५ च्या फ्रेंच फायनलमध्ये सिनरचे १९३, अल्काराझचे १९२. तिन्ही वेळा जास्त पॉइंट जिंकणारा हरला. दोघांत अंतरच नव्हतं, म्हणून तर सामने इतके लांबले.

---

खुर्चीवरून

मी पुण्यात बरीच वर्षं स्पर्धांमध्ये पंचांच्या बाजूनं काम करतो आहे. वेळ नेमका कुठे जातो ते आमच्या बाजूनं सांगतो.

नियमानं एका पॉइंटनंतर पुढची सर्व्हिस करायला पंचवीस सेकंद. २०१८ च्या अमेरिकन ओपनपासून ग्रँड स्लॅममध्ये कोर्टावर घड्याळ दिसायला लागलं. त्याआधी हे पंचांच्या अंदाजावर असायचं आणि मोठे खेळाडू बराच जास्त वेळ घ्यायचे. बाजू बदलताना नव्वद सेकंद, सेट संपल्यावर दोन मिनिटं. सेटमधल्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात पण बसायला मिळत नाही. म्हणजे दहा गेमच्या सेटमध्ये चार वेळा बसणं, सहा मिनिटं. तीन सेटचा सामना झाला तर बसण्यात आणि सेटमधल्या विश्रांतीत मिळून वीस-बावीस मिनिटं सहज गेली. त्यात पाच मिनिटांचा सराव, दुखापतीसाठी तीन मिनिटं, स्वच्छतागृहाचा वेळ. प्रत्यक्षात चेंडू हवेत असतो तो वेळ एकूण वेळेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो.

कोर्टाचा फरक मोठा. मातीवर चेंडू पडला की माती त्याचा वेग खाते आणि चेंडू उंच उसळतो. समोरच्याला पोचायला वेळ मिळतो, मारलेला फटका परत येतो. शिवाय खेळाडू घसरत जाऊन चेंडू गाठू शकतो. गवतावर चेंडू खाली राहून घसरत पुढे येतो, म्हणून रॅली तोकडी. विम्बल्डननं २००१ पासून सगळं राय गवत लावायला सुरुवात केली, तेव्हापासून तिथली जमीन टणक झाली, चेंडू थोडा उंच येतो आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, खेळणारेही तिथे लांब लढती देऊ लागले.

बालेवाडीतला एक सामना सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०१९, महाराष्ट्र ओपनची फायनल. एका बाजूला टेम्सकाठ यांनी सांगितलेला तोच केव्हिन अँडरसन, सहा फूट आठ इंच. दुसऱ्या बाजूला इव्हो कार्लोविच, सहा फूट अकरा इंच, वय एकोणचाळीस. ७-६, ६-७, ७-६. तिन्ही सेट टायब्रेकरला. प्रेक्षकांत मध्येच उठून चहाला जाणारे बिचारे अडकायचे, कारण एक गेम संपायला दोन मिनिटंही लागत नव्हती आणि जागेवर परत यायला बाजू बदलेपर्यंत थांबावं लागतं. रॅली पाहायला आलेले काहीजण निराश झाले. मला मात्र ती फायनल फार आवडली. इतक्या उंचीवरून येणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिसवर कोण किती धोका पत्करतो, हे जवळून पाहणं म्हणजे शिकवणीच होती. आता ती स्पर्धा पुण्यात होत नाही याचं वाईट वाटतं.

ताई, मुलांच्या स्पर्धांबद्दल खास सांगतो, कारण टीव्हीवरच्या सामन्यांचा हिशेब तिथे लागू होत नाही. चेंडू वेचायला मुलं नसतात, खेळाडू स्वतः वेचतात. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक कोर्टाला पंच नसतो, रेषेचा निर्णय मुलंच देतात, वाद झाला की फिरत्या पंचाला बोलावतात, तोवर खेळ थांबलेला. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांकडे जोरदार सर्व्हिस नसते, पण चेंडू परत टाकण्याची चिकाटी भरपूर असते. दोघीही बेसलाइनच्या मागे उभ्या राहून उंच चेंडू टाकणाऱ्या असल्या, की सेट एक तासाच्या आत संपणार नाही असंच धरा. तुमच्या लेकीच्या आधीचा सव्वातीन तासांचा सामना त्याच जातीचा असणार.

---

जिमखाना_सत्तर

खुर्चीवरून यांनी उंच चेंडूंचा विषय काढला म्हणून. १९८४ मध्ये अमेरिकेत रिचमंडला विकी नेल्सन आणि जीन हेपनर यांचा सामना झाला होता. फक्त दोन सेट, ६-४, ७-६. वेळ ६ तास ३१ मिनिटं! त्यात एक रॅली २९ मिनिटं चालली, चेंडू जाळ्यावरून ६४३ वेळा गेला. बेसलाइन यांची 'पॉइंटमागे किती सेकंद' ही मोजणी तिथे पार टोकाला पोचली.

दुसऱ्या टोकाला १९८८ ची फ्रेंच ओपन फायनल. स्टेफी ग्राफनं नताशा झ्वेरेव्हाला ६-०, ६-० असं अवघ्या ३४ मिनिटांत हरवलं. आमच्याकडे लोक टीव्ही लावून चहा ठेवायला उठले, परत आले तर संपत आलं होतं.

---

रविवारचा_गडी

सगळं वाचलं, छान चर्चा. पण मला वाटतं पाच सेटचे सामने आता बंदच करावेत. बाकी सगळं वर्ष पुरुषही तीन सेटच खेळतात, डेव्हिस कपनंही पाच सेट सोडले. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये मरे आणि कोकिनाकिस पहाटे चार वाजून पाच मिनिटांपर्यंत खेळत होते, पावणेसहा तास. मरेनं दोन सेटच्या पिछाडीवरून तो सामना काढला हे खरंच थोर, पण चेंडू उचलणारी मुलं, पंच, मैदानावरचे कामगार सगळे त्या वेळेपर्यंत उभे. हे कुणासाठी?

---

टेम्सकाठ

पहाटे चारचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याचा उपाय रात्रीचा सामना लवकर सुरू करणं हा आहे, सेट कापणं नाही. मरे तीन सेटच्या सामन्यात दुसरा सेट गेला तेव्हाच घरी गेला असता. फ्रेंच फायनलचंही तेच. अल्काराझ पहिले दोन सेट हरला होता, चौथ्यात ३-५, ०-४०, तीन चॅम्पियनशिप पॉइंट सिनरकडे. तीन सेटचा नियम असता तर आपण ज्याबद्दल बोलतोय ते काही घडलंच नसतं.

---

आकडेमोड

दुहेरीनं हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला आहे. एटीपीच्या, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेच्या, नेहमीच्या स्पर्धांमध्ये दुहेरीत ४०-४० झालं की एकच पॉइंट, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेकर. हा बदल २००६ चा. त्यामुळे सामना साधारण दीड तासाच्या आत बसतो आणि आयोजकांना वेळापत्रक आखता येतं. आपल्या ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं ते असंच: २-६, ६-३, १०-४. पहिला सेट इतका वाईट गेल्यावर सगळं दहा पॉइंटांवर आलं. तिथे चुकायला जागाच नसते, तरी दोघं शांत राहिले.

एकेरीत हे आणावं असं मात्र मला वाटत नाही.

---

बेसलाइन

महिलांच्या पाच सेटबद्दलही एक नोंद. १९८४ ते १९९८ ह्या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेची फायनल पाचपैकी तीन सेटची असायची. १९९० मध्ये मोनिका सेलेसनं गॅब्रिएला साबातिनीला पाच सेटमध्ये हरवलं. तेव्हा महिला लांब सामने खेळू शकत नाहीत म्हणून तीन सेट, हे कारण खरं नाही. ऑस्ट्रेलियन ओपन २०११ मध्ये स्कियाव्होने आणि कुझ्नेत्सोव्हा तीनच सेट खेळल्या आणि ४ तास ४४ मिनिटं लागली. तिसरा सेट १६-१४!

---

गोदाकाठ

एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. ६४३ फटक्यांची रॅली ऐकून ती हसली नाही, "मग त्यांना पाणी कधी मिळालं?" असं विचारलं.

खुर्चीवरून दादा, एकच विचारते. आधीचा सामना सुरू असताना कोर्टाबाहेर बसून मी नेमकं काय बघायचं? आणि खायला कधी द्यायचं?

---

खुर्चीवरून

ताई, पहिल्या चार गेमला किती मिनिटं लागली ते घड्याळावर पाहा. बारा-तेरा मिनिटांत चार गेम झाल्या तर सेट अर्ध्या तासाचा आहे. पंचवीस मिनिटं लागली तर सेट तासाभराचा. स्कोअर ४-० आहे की २-२ हे त्यानंतर पाहा. ४-० असेल तर सेट सहा-सात गेममध्ये संपेल, २-२ असेल तर दहा-बारा धरा. पहिला सेट संपला की स्पर्धेच्या टेबलाशी जाऊन विचारा, दुसरं एखादं कोर्ट रिकामं झालं तर सामना तिकडे हलवणार का. हे बरेचदा होतं आणि मग सगळा हिशेब बदलतो. पात्रता फेरी असेल तर आठ-नऊ गेमचा एकच सेट आहे का, तेही आधीच विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर पोटभर एकदाच देऊ नका. आधीचा सामना दुसऱ्या सेटमध्ये शिरला की थोडा दहीभात किंवा अर्धी पोळी. सामना तिसऱ्या सेटला गेला की पुन्हा थोडं. केळं आणि मीठ-साखरेचं पाणी तिच्या पिशवीतच राहू द्या, बाजू बदलताना तिला हाताशी हवं. आणि बूट शेवटी घालू द्या. बूट घालून बसलं की मूल आतून धावायला लागतं आणि तिथेच दमतं.

---

गोदाकाठ

आज सकाळी परत एक स्पर्धा होती, इथेच, नाशिकला. पुन्हा तिसरा सामना. पहिल्याच्या पहिल्या चार गेमला चोवीस मिनिटं लागली, स्कोअर २-२. मी शांतपणे डबा पिशवीत परत ठेवला आणि लेकीला झाडाखाली सतरंजीवर आडवं व्हायला सांगितलं. ती चक्क झोपली. पहिला सामना दोन तास दहा मिनिटं, दुसरा एक तास पाच. दहीभात दोनदा झाला. तिला साडेअकराला... नाही, अकरा पन्नासला बोलावलं, वीस मिनिटांनी हुकला माझा अंदाज.

तिचा सामना दोन तास चाळीस मिनिटं चालला. तिसऱ्या सेटमध्ये १-४ होतं. ७-५ नं जिंकली. कृष्णन यांची गोष्ट तिनं काल रात्री दोनदा वाचून घेतली होती, काका.

---

जिमखाना_सत्तर

तिला माझा आशीर्वाद सांगा. उद्या कुठल्या कोर्टावर, कितवा सामना?

---

गोदाकाठ

दोन नंबरचं कोर्ट, दुसरा सामना. आधीच्या दोघीही उंच चेंडू टाकणाऱ्या आहेत, सतरंजी घेऊन जातेय.